धरित्रीच्या पोटातले आधण

१९५८ सालच्या नोव्हेंबर महिन्यात आपल्याकडे घरोघर पणत्या लागल्या. त्याच महिन्यात पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला, न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, काही दिवे असे लागले की त्यांना तेल नव्हते, कोळसा नव्हता, धरणाचे पाणीही नव्हते. टाउपो सरोवरापासून काही मैलांवर, वायकाटो नदीच्या काठी वैराकेई नावाचे एक ठिकाण आहे. तिथल्या जमिनीच्या पोटात उकळत असलेल्या पाण्याची वाफ नळांतून वीजघरात आणली गेली आणि तिने चाके फिरवली. वर्तमानपत्रांनी त्याचे कौतुक केले, ते योग्यच होते. पण मला आज सांगायची आहे ती या वीजघराची कथा नव्हे. वीजघर सुरू झाल्यावर हातात पट्टी, वही आणि चिमुकली यंत्रे घेऊन वर्षानुवर्षे त्या माळावर हिंडत राहिलेल्या मोजणीदारांची कथा सांगायची आहे. वीजघरांचे उद्घाटन होते, त्यावर कोनशिला बसते. मोजणीदाराच्या नावाची कोनशिला मी अद्याप कुठे पाहिलेली नाही.

त्या भूमीच्या मूळच्या माओरी लोकांकडे या आगीचा इतिहास निराळाच सांगतात. न्गातोरोइरंगी नावाचा एक थोर पुरोहित ते आरावा नावाच्या नौकेतून त्या बेटावर आला. टोंगारिरो पर्वताच्या माथ्यावर चढला असता बर्फाच्या वाऱ्याने त्याचे प्राण कासावीस झाले. तेव्हा त्याने दूर हवाइकीला, आपल्या मायभूमीला, हाक घातली : ‘बहिणींनो, विस्तव पाठवा!’ ते पुपु आणि ते होआता या दोघी बहिणी अग्नी घेऊन समुद्राच्या तळाखालून निघाल्या. मधून मधून भाऊ कुठे आहे हे पाहण्यासाठी त्यांनी डोके वर काढले, आणि जिथे जिथे डोके वर काढले तिथे तिथे विस्तव मागे राहिला. व्हाकारी बेट, रोटोरुआ, टाउपो ही सगळी त्या बहिणींच्या वाटेवरची ठिकाणे. भाऊबीजेच्या दिवसांत वाचायला यापेक्षा गोड भूगोल कोणता असणार! आणि गंमत अशी की भूशास्त्रज्ञांनी ज्वालामुखींचा जो पट्टा नकाशावर आखला, तोही व्हाकारीपासून टोंगारिरोपर्यंत जवळपास याच वाटेने जातो.

वैराकेईच्या खोऱ्यात पूर्वी गरम पाण्याचे झरे आणि उंच उडणारे फवारे होते. या फवाऱ्यांना इंग्रजीत ‘गीझर’ म्हणतात. आपल्या न्हाणीघरातल्या तापकाला ज्या आइसलंडी फवाऱ्याचे नाव मिळाले, त्याच कुळातले हे. ‘गीझर व्हॅली’ म्हणूनच ते खोरे प्रसिद्ध होते, आणि प्रवासी ते पाहायला लांबून येत. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांत अंग शेकलेल्या वाचकांना गरम झरा नवा नाही. पण तिथला प्रकार आपल्या कुंडांच्या शतपट उग्र होता.

दुसरे महायुद्ध संपले, आणि न्यूझीलंडमध्ये विजेची ओढ लागली. देशाची वीज मुख्यतः नद्यांवर. पाऊस कमी झाला की दिवे मंदावत. तेव्हा कोणाला तरी इटलीची आठवण होणे साहजिक होते. तस्कनीतील लार्देरेल्लो गावी जमिनीतून येणाऱ्या वाफेवर १९०४ साली पिएरो जिनोरी कोंती या सरदाराने पाच दिवे लावून दाखवले होते, आणि १९१३ साली तिथे २५० किलोवॉटचे वीजघर उभे राहिले होते. महायुद्धात, १९४४ साली, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने ते सारे उद्ध्वस्त केले, पण इटालियनांनी ते पुन्हा उभारले. मग वैराकेईत विंधणी सुरू झाली ती १९५० च्या सुमारास. मध्यंतरी ब्रिटिश अणुशक्ती मंडळाला अणुभट्टीसाठी लागणारे जड पाणी या वाफेच्या साहाय्याने काढायचे होते. त्यासाठी जोडकारखान्याची योजना झाली, आणि १९५६ साली ब्रिटिशांनी अंग काढून घेतले. न्यूझीलंडच्या हाती उरली ती वाफ आणि वीज.

इटली आणि वैराकेई यांत एक मोठा फरक होता, आणि पुढचे सारे रामायण त्या फरकातून घडले. लार्देरेल्लोला जमिनीतून कोरडी वाफ येते. वैराकेईला आधण येते. खाली शेकडो मीटर खोल खडकांच्या भेगांत सुमारे २६० अंश उष्णतेचे पाणी आहे. एवढ्या उष्णतेला ते उकळून का जात नाही, तर वरच्या पाण्याच्या दाबाखाली ते दडपलेले असते. नळ ठोकून त्याला वाट दिली की दाब सुटतो, आणि काही भागाची एकदम वाफ होते. वजनाने पाहिले तर पाच भागांत वाफ एक भाग आणि उकळते पाणी चार भाग. वाफ चाके फिरवायला घेतली, आणि ते चार भाग पाणी? ते सरळ वायकाटो नदीत सोडले. चाळीस वर्षे, थोड्याफार फरकाने, हाच क्रम चालू राहिला. पुढे पुढे वर्षाला चार-पाच कोटी टन पाणी-वाफ त्या जमिनीच्या पोटातून बाहेर पडत होती.

आता आपल्या कोणाही गृहिणीला विचारा. कणगीतून रोज पायलीभर धान्य काढायचे आणि आत किती उरले हे पाहायचे नाही, असे चालेल का? ती म्हणेल, मी कणगीला बोटाने टकटक करून पाहीन. वैराकेईच्या अभियंत्यांपुढे हाच प्रश्न होता. फरक इतकाच की ही कणगी कित्येक चौरस किलोमीटर पसरलेली, तिच्या भिंती कोणी पाहिलेल्या नाहीत, तिला तळ आहे का हे ठाऊक नाही. आणि मागच्या बाजूने कोणी तीत गुपचूप धान्य ओतत आहे की काय, तेही ठाऊक नाही!

पहिली टकटक अर्थातच दाबाची. विंधलेल्या नळांत मोजयंत्र खाली सोडून खोलवरचा दाब पाहता येतो. तो वर्षावर्षाला उतरत होता. शेवटी मूळच्या दाबातून सुमारे पंचवीस वातावरणांचा दाब उणा झाला, आणि यातला बराचसा पहिल्या दशकभरातच. १९६० च्या दशकात वीजघराची ताकद १९२ मेगावॉटपर्यंत नेण्यात आली होती. आणखी वाढवण्याचा बेत होता, तो या आकड्यांनी थांबवला. एका वहीने एका राष्ट्रीय योजनेला ‘आता पुरे’ म्हणावे, आणि मंत्र्यांनी ते ऐकावे, ही गोष्ट मला त्या वीजघराइतकीच नवलाची वाटते.

मात्र तोवर वरच्या खोऱ्याचे जे व्हायचे ते होऊन चुकले होते. खोलवरचा दाब उतरला, तशी पाण्याची पातळी झऱ्यांच्या मुखांखाली गेली. एकेक फवारा आधी अनियमित झाला, मग क्षीण झाला, मग मुका झाला. १९६० चे दशक संपेपर्यंत गीझर व्हॅलीचा जीव गेला होता, आणि १९७३ साली प्रवाशांसाठी ते खोरे बंद झाले. त्याच दशकात, १९६१ साली, वायकाटो नदीवरच्या ओहाकुरी धरणाच्या पाण्याने ओराकेई कोराको येथील पुष्कळ फवारे बुडवले. म्हणजे एकीकडे पाणी काढून फवारे मारले आणि दुसरीकडे पाणी साठवून. माओरी लोकांच्या लेखी हे झरे केवळ शोभा नव्हते. त्यांत स्वयंपाक होई, स्नाने होत, दुखणाइतांना नेले जाई. पूर्वजांशी जोडलेला तो ठेवा होता. हिशेबाच्या वहीत मात्र त्याचा रकाना नव्हता.

इथे एक मौजेची गोष्ट घडली. खोऱ्यातले पाण्याचे झरे मरत असताना, दोन-तीन किलोमीटरवरच्या करापिटी नावाच्या माळावर उलटाच प्रकार सुरू झाला. तिथली जमीन अधिकाधिक धुमसू लागली, नवी वाफाळ विवरे पडू लागली, झुडपे करपली. १९५० च्या सुमारास त्या माळातून बाहेर पडणारी उष्णता सुमारे ४० मेगावॉट होती. १९६४ पर्यंत ती ४०० च्या वर गेली. कणगी रिकामी होत असताना हा उफाडा कसा? उत्तर स्वयंपाकघरातच सापडते. झाकणबंद भांड्यातला दाब कमी केला की आतले पाणी जास्त जोमाने उकळते. खाली दाब उतरला, पाण्याची पातळी खाली गेली, आणि वर मोकळ्या झालेल्या खडकांत वाफेचा एक थर साचला. ती वाफ करापिटीच्या भेगांतून वर निघाली. पुढे अभियंत्यांनी त्या वाफेच्या थरातच उथळ विहिरी घेऊन कोरडी वाफ मिळवली. ज्यांनी केवळ करापिटी पाहिली त्यांना वाटावे की धरणी जागी झाली. ज्यांनी केवळ गीझर व्हॅली पाहिली त्यांना वाटावे की ती विझली. दोन्ही मोजणारालाच खरे काय ते कळले.

दुसरी टकटक जमिनीच्या पातळीची. भूमापकांनी १९५० मध्ये तिथे पातळीच्या खुणा रोवल्या होत्या. १९५६ साली दुर्बीण आणि पट्टी घेऊन त्या पुन्हा पाहिल्या, तर काही खुणा खाली गेलेल्या! मग ही मोजणी नित्याची झाली. सत्तरच्या दशकात एका जागी जमीन वर्षाला जवळजवळ अर्धा मीटर खचत होती, आणि आजवर तिथला एकूण खचाव सुमारे १५ मीटर झाला आहे. चार-पाच मजली वाडा उभा मावेल एवढा खड्डा! पण तो इतक्या सावकाश आणि इतका पसरट झाला की उघड्या डोळ्यांना तो खड्डा वाटतच नाही. वैराकेईच्या ओढ्याचे पाणी तिथे साचून डबके झाले, वाफेचे नळ ताणले गेले, पाण्याचे चर तडकले, एवढ्याच त्याच्या खुणा. आणखी चमत्कारिक म्हणजे हा खड्डा विहिरींच्या ऐन मध्यावर पडला नाही, कडेला पडला. तिथे खाली जुन्या सरोवराच्या गाळाचे मऊ थर आहेत. दाब उतरला तेव्हा ते थर ओल्या गादीवर कोणी बसावे तसे दबले. म्हणजे पाणी काढले एकीकडून आणि जमीन बसली दुसरीकडे. याच कारणाने पुढे ओहाकी येथे, १९८९ साली नवे वीजघर सुरू झाल्यावर, नदीकाठच्या माओरी सभास्थानाची जमीन खचू लागली.

आता तिसरी टकटक, आणि मला सर्वांत आवडणारी. ट्रेव्हर हंट नावाच्या शास्त्रज्ञाने पृथ्वी तोलली. अतिशयोक्ती नव्हे. गुरुत्वाकर्षण मोजणारे एक नाजूक यंत्र असते. आत एका स्प्रिंगला लोंबकळणारे वजन. खाली वस्तुमान जास्त असेल तर ते वजन किंचित अधिक ओढले जाते, कमी असेल तर किंचित कमी. किंचित म्हणजे किती, तर पृथ्वीच्या आकर्षणाच्या शंभर कोटी भागांतले काही भाग! १९६१ पासून वैराकेईच्या खुणांवर हे यंत्र पुन्हा पुन्हा ठेवून मोजण्या झाल्या, आणि १९७० साली हंट यांनी त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. यात एक कटकट होती. जमीन खचली की यंत्र पृथ्वीच्या मध्याच्या जवळ जाते आणि आकर्षण वाढते. एक मीटर खचावाला सुमारे ३०० सूक्ष्म भाग. तो फरक वजा केल्याखेरीज खालच्या पाण्याचा हिशेब लागत नाही. म्हणून दुर्बीणवाला भूमापक आणि गुरुत्ववाला शास्त्रज्ञ यांना जोडीनेच हिंडावे लागले. एकाची वही दुसऱ्यावाचून मुकी.

या तोलण्याने कणगीच्या मागच्या दाराचा प्रश्न सुटला. किती पाणी काढले हे विहिरींच्या नोंदींवरून ठाऊक होतेच. प्रत्यक्ष वजन किती घटले हे गुरुत्वाने सांगितले. दोहोंची वजाबाकी म्हणजे मागून आपोआप भरले गेलेले पाणी. असे दिसले की आरंभीच्या वर्षांत भरणा थोडाच होता, घर साठ्यावर चालले होते. पण दाब जसा उतरला तशी आजूबाजूच्या आणि खालच्या पाण्याला ओढ लागली, आणि सत्तरीच्या आरंभापर्यंत जितके काढावे त्यातले बहुतेक सगळे भरून येऊ लागले होते. दाब मग फारसा उतरेना. वैराकेई संपले असे म्हणणाऱ्यांचे तोंड बंद झाले.

तरी एक शंका उरते. आत येणारे पाणी ऊन की गार? गार पाणी शिरले तर वजन भरेल, पण आधण निवेल. तराजूला उष्णता कळत नाही. तिथे रसायनशास्त्र धावून आले. खोल पाण्यात क्षार ठराविक प्रमाणात असतात, आणि वाळूतली सिलिका जितकी उष्णता अधिक तितकी अधिक विरघळते. एलिस आणि मेहॉन या रसायनशास्त्रज्ञांनी वैराकेईच्या पाण्यावर अशी परीक्षा केली. एखाद्या विहिरीच्या पाण्यात क्षार कमी होऊ लागला की समजावे, दुधात पाणी शिरले. काही विहिरींत वरून गार पाणी उतरत असल्याचे असेच हुडकले गेले. पाण्याची वाट शोधण्यासाठी किरणोत्सर्गी आयोडीनही एका विहिरीत सोडून दुसऱ्या विहिरींत पाहिले. आठ दिवसांत ते अर्धे होते, म्हणून मागे फारसे उरत नाही. उत्तर कधी कधी अपेक्षित विहिरीतून आले नाही, भलतीतूनच आले. भूगर्भातल्या वाटा सरळ नसतात.

न मोजता, किंवा मोजून न ऐकता, काय होते त्याचे उदाहरण त्याच काळात कॅलिफोर्नियात घडले. ‘द गीझर्स’ नावाच्या तिथल्या क्षेत्रावर १९६० साली ११ मेगावॉटचे पहिले मोठे यंत्र चालू झाले. वाफ कोरडी, उत्तम. एकामागून एक वीजघरे उभी राहिली, आणि त्यांचे मालक निरनिराळे. एका विहिरीवर अनेक भावांनी मोट लावावी आणि प्रत्येकाने आपल्यापुरता हिशेब ठेवावा, तसे झाले. १९८७ साली वाफ शिगेला पोचली आणि मग घसरली. बांधून ठेवलेली यंत्रे अर्धपोटी राहिली. ते क्षेत्र सावरले ते शहरांच्या सांडपाण्याने! १९९७ साली लेक परगण्याहून आणि २००३ साली सांता रोझा शहराहून शुद्ध केलेले सांडपाणी नळांनी डोंगरावर चढवून जमिनीत सोडण्यात आले. तापलेल्या खडकात ऊब पुष्कळ होती, पाणी संपले होते. आत सोडलेल्या पाण्याने बारीक बारीक भूकंप होतात, म्हणून तिथे चौथी टकटक कंपनमापकांची, रात्रंदिवस.

आणि मोजून, वेळेवर ऐकले तर काय होते हे रोटोरुआने दाखवले. रोटोरुआ हे वैराकेईच्या उत्तरेचे गाव. तिथे वीजघर नव्हते, पण घरोघर, खानावळींत आणि वसतिगृहांत खोलीला ऊब द्यायला लहान लहान विहिरी विंधलेल्या. एकेकीचे पाणी थोडे. पण थेंबे थेंबे तळे साचते तसे थेंबे थेंबे ते आटतेही. व्हाकारेवारेवाचे फवारे मंदावू लागले. १९८२ पासून तिथे पद्धतशीर मोजणी झाली, आणि १९८६-८७ मध्ये सरकारने पोहुतू या सुप्रसिद्ध फवाऱ्याच्या दीड किलोमीटर परिसरातल्या विहिरी बंद करण्याचा हुकूम काढला. घरमालक खवळले. थंडीच्या दिवसांत फुकटची ऊब कोणाला सोडवते! पण निरीक्षणाच्या विहिरींत पाण्याची पातळी वर चढली आणि फवारे पुन्हा जोर धरू लागले. जगात अशी उदाहरणे थोडी आहेत. वैराकेईच्या खोऱ्याला ही संधी मिळाली नाही; तिथे वही लिहायला घेतली तेव्हाच नळ उघडलेले होते.

त्या पहिल्या पिढीच्या अभियंत्यांना मी दोष देऊ धजत नाही. त्यांच्या आधी जगात कोणी आधणावर एवढे मोठे वीजघर चालवलेलेच नव्हते. त्यांनी निदान खुणा रोवल्या, आकडे लपवले नाहीत, आणि ते छापले. म्हणूनच पुढे ऑकलंड विद्यापीठात मायकेल ओसलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना संगणकात वैराकेईची प्रतिकृती रचता आली. आधी जुन्या चाळीस-पन्नास वर्षांचा दाब आणि उष्णता तीत बरोबर उतरते का ते पाहायचे, आणि मगच पुढच्या पन्नास वर्षांचे भाकीत करायचे. कुंडली मांडणाऱ्याने आधी जातकाचे झालेले आयुष्य सांगून दाखवावे, तसे.

१९९१ च्या साधनसंपत्ती कायद्यानंतर न्यूझीलंडमध्ये परवानगी आणि मोजणी यांची गाठ पक्की झाली. नव्वदीच्या दशकात वैराकेईचे वापरलेले पाणी नदीऐवजी मोठ्या प्रमाणात जमिनीत परत जाऊ लागले. २०१४ साली ते मिही येथे १६६ मेगावॉटचे नवे वीजघर उघडले. जमिनीचा खचाव आता उपग्रहांतूनही पाहता येतो; तरी टाउपो गावाच्या रस्त्यांवरच्या पातळीच्या खुणांची किंमत कमी झालेली नाही. शेजारच्या टाउहारा क्षेत्रातला दाबही वैराकेईने ओढून घेतला होता, आणि त्या क्षेत्रावरच गावाचा काही भाग वसलेला आहे.

वाया जाणाऱ्या उष्णतेचे दुसरे उपयोगही निघाले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वीजघराशेजारी कोमट पाण्यात कोळंबीची पैदास सुरू झाली. आमच्या कोकणातल्या मंडळींना ही योजना सर्वांआधी पटेल. आणि जुन्या गीझर व्हॅलीच्या तोंडाशी नव्वदीत आणखी एक उद्योग झाला. १८८६ च्या जून महिन्यात तारावेरा पर्वत फुटला तेव्हा सिलिकेच्या गुलाबी आणि पांढऱ्या पायऱ्यांचे एक अप्रतिम निसर्गशिल्प नाहीसे झाले होते. वैराकेईच्या नळांतून निघणारे सिलिकायुक्त पाणी हाताने घडवलेल्या पायऱ्यांवरून सोडण्यात आले. पाणी निवत जाते, सिलिका खाली बसते, आणि पायऱ्यांवर पांढरा, निळसर, गुलाबी थर दरवर्षी थोडा थोडा चढतो.